अनोळखी निसणा हाती आला तर: वस्तऱ्याचा दगड कसा ओळखावा

जुन्या लाकडी पेटीत किंवा हत्यारांच्या खोक्यात तळाशी एखादा लांबट, तेलकट, मधे झिजून खोलगट झालेला दगड सापडतो. सोबत वस्तरे असले तर तो निसणा असणार एवढे कळते, पुढचे काही कळत नाही. मग फोटो काढून चार जणांना विचारले जाते आणि चौघे चार नावे सांगतात. त्यांचाही दोष नाही. तोच दगड कोरडा असताना राखाडी, ओला केल्यावर हिरवट आणि वर्षानुवर्षे तेल मुरल्यावर काळा दिसतो. नुसत्या रंगावरून दगड ओळखायला जाणारा हमखास फसतो.

वस्तऱ्यापुरता खरा प्रश्न वेगळा आहे: हा दगड किती बारीक घासतो आणि पोलाद किती वेगाने काढतो? नाव कळले तर उत्तमच, पण नावाचा उपयोग त्या उत्तराचा अंदाज आधी बांधण्यापुरता. काही दगडांचे नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि तरी ते झकास धार देतात. उलट नामांकित खाणीतला दगडही वस्तऱ्याला निरुपयोगी निघू शकतो, कारण एकाच खाणीत दोन थर सारखे नसतात.

वस्तरा या बाबतीत फार हळवा असतो. त्याच्या धारेचा एकूण कोन साधारण १६ ते १७ अंश, म्हणजे स्वयंपाकाच्या सुरीच्या जेमतेम निम्मा. सुरीला जो ओरखडा जाणवतही नाही, तो इथे धारेत खाच पाडतो आणि गालाला कळतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी दगडाला इजा न करणाऱ्या तपासण्या, मग घासण्याच्या, आणि वस्तरा सगळ्यात शेवटी.

पाणी लावण्याआधी

दगड धुवायची घाई करू नका. सहाही बाजूंचे फोटो उजेडात काढा, कोरड्या अवस्थेत. कागदी लेबल असेल, अगदी चिंधी उरली असेल, तरी तेवढा भाग पाण्यापासून जपा. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दगडांवर एशर कंपनीचे लेबल कडेला किंवा टोकाला चिकटवलेले असे. ते गेले की दगडाच्या ओळखीचा सगळ्यात भक्कम पुरावा गेला. जपानी दगडांवर कडेला शाईचे शिक्के असतात, तेही साबणाने पुसले जातात. पेटी फेकू नका. तिच्यावर छापलेले किंवा जाळून उमटवलेले नाव उपयोगी पडते, पण पेटी आणि दगड एकमेकांचेच असतील असे मात्र धरून चालू नका. पेटीत सैल बसणारा दगड बहुधा नंतर आलेला असतो.

पट्टीने लांबी, रुंदी, जाडी मोजा. साधारण ५ ते ६ इंच लांब, २ इंचांच्या आसपास रुंद आणि अर्धा इंच जाड, कडा साच्यातून निघाल्यासारख्या गोलसर, अशी गुळगुळीत वडी असेल तर ती कारखान्यात बनवलेली ‘बार्बर्स होन’ असण्याची शक्यता मोठी. पृष्ठभागावर साच्यातच दाबलेली अक्षरे दिसली, तर प्रश्नच मिटला. नैसर्गिक दगडावर अक्षरे कोरता येतात, साच्यात दाबता येत नाहीत. युरोपातल्या स्वाटी या वड्या अशा दाबलेल्या अक्षरांवरूनच ओळखल्या जातात.

आता मागची बाजू बघा. करवतीच्या समांतर खुणा, ओबडधोबड पाठ, कडेला नैसर्गिक साल किंवा गंजासारखे डाग असतील तर दगड खाणीतला. सहाही बाजू सारख्याच, पोत सगळीकडे एकच, कुठे रेघ नाही की डाग नाही, असे असेल तर कृत्रिम. कडेने पाहिल्यावर दोन थर दिसले तर त्यांच्या सांध्याला भिंग लावा. सांधा सरळ रेषेत, मधे पिवळसर किंवा तपकिरी गोंदाची रेघ, तर थर चिकटवलेले आहेत. सांधा किंचित लाटेसारखा, एक रंग दुसऱ्यात शिरलेला, तर जोड निसर्गाने घातलेली आहे.

सफाई, पण बेताने

कोमट पाणी, भांडी घासायचे द्रव आणि नायलॉनचा ब्रश, एवढ्यावर सुरुवात करा. घासा, धुवा, उभा ठेवून वाळवा. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला तर आत तेल आहे. मग चिंधीवर रॉकेल घेऊन पुसा, एक दिवस जाऊ द्या, पुन्हा साबण. जुन्या तेलाचा चिकट थर दोन-चार फेऱ्यांत निघतो. रॉकेलचे काम अर्थातच मोकळ्या हवेत आणि चुलीपासून लांब.

दगड उकळू नका, भट्टीत तापवू नका, रात्रभर पाण्यात बुडवूनही ठेवू नका. पाटीच्या जातीचे आणि जपानी दगड थरांचे बनलेले असतात. थरांमध्ये पाणी शिरले की ते हळूहळू सुटतात आणि एके दिवशी पापुद्रा निघून येतो. चिकटवलेल्या जोडदगडांचा जुना गोंद गरम पाण्याने मऊ पडतो. दगड कोणत्या जातीचा हे कळेपर्यंत तीव्र ग्रीसनाशक द्रवातही बुडवू नका. आणि आम्ल नकोच. लिंबाच्या फोडीने दगड उजळतो असे सांगणारे भेटतात, त्यांना भांडी घासू द्या.

घनता: वजनकाट्यावरचा सगळ्यात खरा साक्षीदार

रंग खोटे बोलतो, घनता सहसा बोलत नाही. नवख्यांनी हीच तपासणी सगळ्यात आधी शिकावी. लागते काय, तर १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, दगड पूर्ण बुडेल असे भांडे आणि बारीक दोरा.

दगड पूर्ण कोरडा करून त्याचे वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे दगडाला बुडबुडे चिकटत नाहीत, आणि काटा शून्यावर आणा. आता दगड दोऱ्याने बांधून हाताने किंवा आडव्या काठीवरून असा लटकवा की तो पूर्ण बुडेल, पण भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काटा जे ग्रॅम दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच दगडाचे घनफळ घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

समजा दगड कोरडा ४१२ ग्रॅम भरला आणि लटकवल्यावर काट्याने १३१ दाखवले. ४१२ भागिले १३१ म्हणजे ३.१५. तेच १५० दाखवले असते तर २.७५ आले असते. या दोन दगडांचा रंग एकसारखा असला तरी ते एका जातीचे असू शकत नाहीत.

दगड तळाला टेकला की आकडा एकदम फुगतो आणि घनता हास्यास्पद कमी येते. हात थरथरला तर आकडा नाचतो, म्हणून काठीच बरी. दगड बुडवल्यावर आकडा हळूहळू उतरत गेला आणि बुडबुडे सुटू लागले, तर दगड सच्छिद्र आहे आणि पाणी पितो आहे. अशा वेळी पहिल्या काही सेकंदांतला आकडा घ्या आणि सच्छिद्रतेची नोंद वेगळी करा, कारण तीसुद्धा ओळखच आहे. लहान तुकड्यात एका ग्रॅमची चूकही मोठी पडते. ४० ग्रॅम पाणी सारणाऱ्या दगडात ती अडीच टक्के होते.

निकाल असा वाचायचा. ३ च्या वर गेला, दगड फिका पिवळा किंवा मलईच्या रंगाचा आहे आणि पाणी पीत नाही, तर बेल्जियमचा कोटिक्यूल जवळजवळ नक्की. २.७ ते २.८ म्हणजे पाटीच्या जातीचे दगड: थुरिंगियाचे, वेल्सचे, आणि छपरासाठी काढलेली साधी पाटीसुद्धा. २.६ च्या आसपास आणि काचेसारखा कठीण, तर अमेरिकेतला अर्कान्सा, जो जवळजवळ शुद्ध गारगोटीच्या सूक्ष्म स्फटिकांचा असतो. त्याच खडकाचे भरड, सच्छिद्र भाऊबंद, म्हणजे वॉशिटा आणि मऊ अर्कान्सा, २.५ च्या खाली उतरतात. कृत्रिम दगडांत मात्र घनतेवर विसंबू नका. सिलिकॉन कार्बाइडचा कण ३.२ चा आणि कुरुंदाचा जवळपास ४ चा असला तरी दगडात पोकळ्या किती सोडल्या त्यावर अंतिम आकडा ठरतो. चिकटवलेल्या जोडदगडाचा आकडा दोन्ही थरांची सरासरी असतो. कोटिक्यूलखाली पाटी चिकटवलेली असेल तर तो ३ च्या खाली येऊ शकतो.

टोचणे, थेंब, उजेड

दगडाच्या मागच्या कोपऱ्यावर, कधीही तोंडावर नाही, जुन्या चाकूचे टोक दाबून ओढा. ओरखडा पडून भुकटी निघाली तर दगड मऊ, पाटीच्या जातीचा. ओरखड्याऐवजी पोलादाचीच चकचकीत राखाडी रेघ उमटली तर दगड पोलादाहून कठीण: गारगोटीचा, कुरुंदाचा किंवा सिरॅमिकचा. रेघ आहे की ओरखडा, याची खात्री बोट फिरवून करा. रेघ पुसट होते, ओरखडा नखाला लागतो.

त्याच कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसला तर चुनखडी किंवा संगमरवर. कुणीतरी फरशीचा तुकडा निसणा म्हणून पेटीत ठेवला आहे. थेंब लगेच धुऊन टाका.

अंधारात दगडाच्या कडेला टॉर्च टेकवा. कडेचे काही मिलिमीटर मेणासारखे उजळले तर पारभासक अर्कान्सा. जुन्या तेलाने काळवंडलेला दगड असा अचानक केशरी उजळतो तेव्हा बघणाऱ्याची बरीच मेहनत वाचते. न उजळणारा, काळा आणि तितकाच कठीण अर्कान्साही असतो, त्यामुळे उजळला नाही म्हणजे अर्कान्सा नाही असे नव्हे. काळ्या दगडाची छोटी, अतिगुळगुळीत पट्टी असेल आणि तिच्यावर बारीक पिवळ्या रेघा असतील, तर तो सोनाराचा कसोटीचा दगड. त्यावर वस्तरा घासू नका, सोने घासा.

दगडावर जवळून श्वास सोडा आणि वास घ्या. पाटीच्या दगडाला ओल्या मातीचा वास येतो, गारगोटीच्या आणि कृत्रिम दगडांना येत नाही. ही तपासणी एकटी काही सिद्ध करत नाही, पण फुकट आहे.

सपाट करताना दगड बोलतो

खोलगट दगडावर कोणतीच चाचणी खरी येत नाही, कारण पाते दोन टोकांवर टेकते आणि मधे हवेत राहते. म्हणून दगड सपाट करायचाच. जाड काच किंवा घासून गुळगुळीत केलेली ग्रॅनाइटची फरशी घ्या, तिच्यावर पाणी लावून २२० नंबरचा वॉटर पेपर पसरा (नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक). दगडाच्या तोंडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत थांबू नका. मिलिमीटरहून जास्त खड्डा असेल तर १२० ने सुरुवात करा, नाहीतर बसाल दिवसभर. शेवटी ४०० आणि ६००. चारही कडा तिरप्या धरून १ ते २ मिलिमीटर मोडून घ्या. धारदार कडेवर वस्तऱ्याची टाच, म्हणजे पात्याचे मुठीकडचे टोक, आपटली तर टवका दगडाचा नाही, पात्याचा उडतो.

हे काम नेहमी ओलेच करा. बऱ्याच निसण्यांत सिलिका असते आणि तिची कोरडी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. चिखल वाळण्याआधी धुऊन टाका, झटकू नका.

घासताना लक्ष द्या, कारण इथेच निम्मी ओळख होते. कागद पाच मिनिटांत गुळगुळीत झाला, दगडाचे मात्र काहीच गेले नाही, पाणी जेमतेम पांढुरके झाले: अर्कान्सा किंवा सिरॅमिक. भराभर चिखल निघाला आणि कागद टिकला: पाटी, कोटिक्यूल किंवा जपानी. चिखल दगडाच्याच रंगाचा, भरपूर, वाळूसारखा सुटणारा: पाण्यावर वापरायचा कृत्रिम दगड. चिखलाच्या रंगावर मात्र इथे विश्वास ठेवू नका. वॉटर पेपरचे स्वतःचे काळे कण त्यात मिसळतात आणि पांढरा चिखलही राखाडी दिसतो. रंग बघायचा तर दगड धुऊन, त्याच जातीच्या छोट्या दगडाने किंवा बराच वापरून मऊ पडलेल्या डायमंड प्लेटने (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची पट्टी) दोन-चार थेंब पाण्यात घासा. नवी प्लेट नको. तिचे सुटे कण दगडात रुततात आणि पुढे महिनाभर ‘हा दगड ओरखडे का पाडतो’ याचा शोध चालतो.

एक अपवाद. बार्बर्स होन वाटणारी वडी २२० वर चढवू नका. तिचा घट्ट, गुळगुळीत झालेला पृष्ठभागच बारीक धार देतो. ६०० चा कागद दोन-चार वेळा फिरवून ती स्वच्छ करा आणि थांबा.

चिखलाचा रंग आणि भिंगातले रूप

आता दगड स्वच्छ, सपाट आणि ओला आहे. दहा पटीचे भिंग पुरते, चाळीस पटीचे असेल तर बहार.

कोटिक्यूलचा चिखल दुधासारखा पांढरा किंवा मलईसारखा. दगडात अनेकदा बारीक काळपट रेघा धावतात. हा दगड बेल्जियममध्ये आर्डेनच्या डोंगराळ भागात, व्हिएलसाल्मच्या परिसरात निघतो. त्यात स्पेसार्टीन गार्नेटचे सूक्ष्म दाणे ठासून भरलेले असतात, आणि या गार्नेटची स्वतःची घनता ४ च्या वर असल्यामुळेच दगड काट्यावर एवढा जड भरतो. त्याच खाणीत त्याच्या शेजारी जांभळट निळा थर असतो. तोही निसणा म्हणून चालतो, पण संथ असतो, आणि त्याचा चिखल जांभळट येतो.

थुरिंगियाचे दगड गडद निळ्यापासून पिवळट हिरव्यापर्यंत अनेक छटांचे असतात, पण चिखल बहुतेक वेळा फिका, पांढरट राखाडीच येतो. गडद दगड आणि फिका चिखल ही विसंगती लक्षात ठेवा. पृष्ठभाग ओला असताना रेशमी लागतो, भिंगाखाली दाणा दिसत नाही. साधी छपराची पाटी मात्र गडद चिखल देते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. जांभळ्या अंगावर हिरवे ठिपके असलेली पाटी बहुधा वेल्सची. काही वेल्श दगड वस्तऱ्याला चालतात, काही नुसते देखणे.

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा चार्नली फॉरेस्ट ऑलिव्ह हिरवा, त्यावर लालसर तपकिरी डाग किंवा फराटे, कठीण आणि संथ. तो जुन्या काळी तेलावर वापरत, त्यामुळे सापडतो तेव्हा बहुधा काळाच असतो.

जपानी दगड, विशेषतः क्योटोच्या आसपासच्या नाकायामासारख्या खाणींतले, थरावर कापलेले असतात. मागे खडबडीत साल, बऱ्याचदा तिच्यावर लाखेचा लेप, तोंडावर कधी नासपतीच्या सालीसारखे ठिपके. चिखल मऊ, राखाडी ते मलई. यांच्यातला फरक खाणीच्या नावापेक्षा कठीणपणात जास्त असतो. वस्तऱ्याला कठीण, लवकर चिखल न सोडणारा दगड हवा.

चीनमधला ‘१२,०००’ नंबर सांगून विकला जाणारा दगड गडद राखाडी, जड हाताचा, संथ. नंबर विक्रेत्याचा आहे. नैसर्गिक दगडाला नंबर नसतो, कारण त्याचे दाणे चाळणीतून गेलेले नसतात.

भिंगाखाली सारख्या आकाराचे, चमकणारे दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा काचेसारखा लेप दिसला तर दगड कृत्रिम. करडा किंवा काळा, लुकलुकणारा: सिलिकॉन कार्बाइड. ते कारखान्यात बनवण्याची रीत एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये शोधली, म्हणजे असा दगड त्याआधीचा असूच शकत नाही, कुणी कितीही जुना म्हणून सांगो. तपकिरी-केशरी, कारखान्यातच तेल भरलेला: नॉर्टन कंपनीचा ‘इंडिया’ नावाचा दगड, कृत्रिम कुरुंदाचा. हे दोन्ही वस्तऱ्यासाठी भरड, फार तर टवका काढायला. लेबलावर नुसते पाइक असे नाव असेल तर तेवढ्यावरून काळ लागतो, कारण ती कंपनी १९३२ मध्ये नॉर्टनकडे गेली. विटकरी लाल, पाणी पिणारा दगड बहुधा १००० नंबरचा जपानी कारखान्यातला. जपानी शाप्टन कंपनीचे कुरोमाकु मालिकेतले दगड तर रंगानेच ओळखायचे: १००० नारिंगी, ५००० वाइनसारखा, १२,००० मलई.

पटाशीवरची परीक्षा

इथपर्यंत दगडाच्या नावाचा अंदाज आला असेल. तो चुकीचाही असेल. आता नावाकडे दुर्लक्ष करून काम बघायचे. वस्तरा अजून पेटीतच राहू द्या. एक रुंद पटाशी किंवा रंध्याचे पाते घ्या आणि त्याची सपाट पाठ दोन भागांत तयार करा. एका भागावर ओळखीच्या १००० नंबरच्या दगडाचे ओरखडे, दुसरा भाग ओळखीच्या ८००० वर घासून आरशासारखा. मधे मार्करने रेघ मारा.

अनोळखी दगडावर नुसते पाणी, चिखल नाही. आरशाचा भाग त्यावर बेताच्या दाबाने २० वेळा फिरवा. मग १००० चा भाग ५० वेळा. पुसा, खिडकीच्या उजेडात तिरपे धरून भिंगाने बघा.

आरसा गढूळ झाला आणि स्पष्ट रेघा दिसतात, तर दगड ८००० पेक्षा भरड. १००० च्या रेघा पुसल्या गेल्या असतील तर तो मधल्या टप्प्याचा दगड म्हणून उत्तम. आरसा नुसता धुरकट झाला, रेघ एकही दिसत नाही, तर ही बहुतेक मऊ नैसर्गिक दगडाची खूण. असा दगड शेवटच्या धारेचा उमेदवार आहे. आरसा तसाच राहिला, १००० च्या रेघाही तशाच राहिल्या, तर दगड फार बारीक आहे किंवा काहीच कापत नाही. अर्कान्सा, चिनी दगड आणि जुन्या बार्बर्स होन इथे येतात. पाण्यात काळी भुकटी थोडी तरी दिसते का बघा. अजिबात नसेल तर पृष्ठभागावर तेलाचा थर उरला आहे किंवा दगड घासून काचेसारखा झाला आहे.

या शेवटच्या गटाबद्दल एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. अर्कान्सा आणि सिरॅमिकसारख्या कठीण दगडांचा बारीकपणा दाण्यापेक्षा तोंडाच्या घासाईवर अवलंबून असतो. तोच दगड २२० च्या कागदावर घासून वापरला तर बऱ्यापैकी कापतो, ६०० किंवा १००० पर्यंत नेला तर जवळजवळ नुसती चकाकी देतो. ‘माझा अर्कान्सा भरड आहे’ असे म्हणण्याआधी त्याचे तोंड कोणत्या नंबरावर सोडले होते ते आठवा.

बारीक धुरकट आरशात मधेच एखादी खोल, एकटी रेघ दिसते का तेही पाहा. सगळ्या रेघा सारख्या असतील तर तो दगडाचा स्वभाव. एकटी रेघ म्हणजे बाहेरून आलेला कण किंवा दगडातली कठीण शीर. दगड धुऊन पुन्हा करा. रेघ त्याच जागी पुन्हा आली तर शीर आहे, आणि दगडाचा तेवढा भाग वस्तऱ्याला वर्ज्य.

आता वस्तरा

वस्तरा सरळ पात्याचा, टवका नसलेला, आणि आधीच ८००० वरून दाढीला तयार असलेला हवा. बोथट वस्तऱ्यावर अनोळखी दगड तपासला तर दोष कोणाचा ते कधीच कळत नाही. धारेच्या दोन्ही उतारांवर मार्कर फिरवा. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून, धार पुढे ठेवून, हाताच्या वजनाइतक्याच दाबाने दोन फेऱ्या मारा. शाई टाचेपासून टोकापर्यंत धारेलगत सारखी पुसली गेली पाहिजे. मधेच शाई उरली तर दगड अजून सपाट नाही.

मग नुसत्या पाण्यावर ३० फेऱ्या. संथ कठीण दगड असेल तर १०० लागतील. बार्बर्स होनवर मात्र ५ ते १० पुरे. ती जास्त कापते आणि धारेवर बारीक तार उभी राहते. अशी धार पहिल्या दोन हातांना भन्नाट लागते आणि तिसऱ्याला मोडते. चामड्याच्या पट्ट्यावर ५० वेळा फिरवा आणि दाढी करा, शक्यतो एक गाल या वस्तऱ्याने आणि दुसरा फक्त ८००० वर केलेल्या दुसऱ्या वस्तऱ्याने.

केस कापले जातात पण गाल जळतो, तर दगड भरड आहे किंवा दाब जास्त झाला. गाल शांत आहे पण वस्तरा केसांवर अडखळतो, तर धार गोल झाली. चिखलावर वापरलेल्या दगडांत हे सर्रास होते, कारण पाण्यात तरंगणारे दाणे धारेच्या टोकावरच आदळतात. कोटिक्यूलवर त्यावर उतारा असा: सुरुवात दाट चिखलाने, दर २०-२५ फेऱ्यांनी बोटाने दोन थेंब पाणी, असे पाच-सहा वेळा, आणि शेवटच्या ३० फेऱ्या धुतलेल्या दगडावर स्वच्छ पाण्याने. जपानी आणि थुरिंगियाच्या दगडांनाही ही पद्धत मानवते. अर्कान्सा आणि बार्बर्स होनवर तिचा उपयोग नाही, ते चिखल देतच नाहीत.

पाण्याने जमत नसेल तरच तेलाकडे वळा, आणि तेही सच्छिद्र दगडावर विचार करून. एकदा आत गेलेले तेल पुन्हा बाहेर काढणे किती जिकिरीचे असते, ते सफाई करताना कळलेच असेल. अर्कान्सावर साबणाचे पाणीही चांगले चालते.

एका दाढीवरून निकाल देऊ नका. तीन वेळा, तीच फेऱ्यांची संख्या आणि तोंडाची तीच घासाई ठेवून करा. मग दगडाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: घनता, तोंड कोणत्या कागदावर सोडले, पाणी की तेल, किती फेऱ्या, आणि तो कोणत्या दगडानंतर वापरायचा. नावाची जागा रिकामी राहिली तरी चालेल. पेन्सिल मात्र हवीच, कारण पेनाची शाई दगडात मुरते आणि पुढच्या मालकाला तो खाणीचा शिक्का वाटतो.